चक्कर येते म्हणून दात झिजवून घेऊ नका

प्रश्न : माझं वय ४३. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेले आठ महिने मान उजव्या बाजूला धरलेली असते. सकाळी उठल्यावर जबडा शिणलेला वाटतो, जांभई दिली की कानापुढे ‘कट्’ असा आवाज येतो आणि त्याच कानाला दडा बसल्यासारखं होतं. त्यातच चक्कर. कधी अंथरुणात कूस बदलताना खोली गरकन फिरते, कधी दिवसभर नुसतं तरंगल्यासारखं वाटतं. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान स्वच्छ आहे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून गळ्याला पट्टा दिला. चक्करेची गोळी चार महिने चालू आहे. आता एका दंतवैद्यांनी सांगितलंय की हे सगळं जबड्याच्या सांध्यामुळे आहे. दातांची चावण्याची ठेवण चुकलीये, सगळे दात थोडे थोडे कमी करून कॅप बसवाव्या लागतील. खर्च साडेतीन लाख, हप्त्यांची सोय आहे. घरचे म्हणतात, तू टेन्शन घेतेस. खरंच जबड्यामुळे चक्कर येते का? हे करून घेऊ का? माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या जबड्यातूनही आवाज येतो. तिलाही हेच होणार का?

उत्तर : ताई, आधी सगळ्यात तातडीचं सांगते. कॅपसाठी होकार देऊ नका, हप्ते सुरू करू नका. तुमचा जबडा दुखतोय हे खरं आहे, मान दुखतेय हेही खरं आहे, आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे याबद्दल मला शंका नाही. पण चक्करेचं खापर जबड्यावर फोडण्याइतका पुरावा तुमच्या पत्रात नाही. उलट तिचं वेगळं कारण सुचवणारी एक स्पष्ट खूण त्यात आहे. तिच्याकडे येतेच.

तोंडातले आणि जबड्याचे विकार हीच माझी शाखा आहे, त्यामुळे जबड्यापासून सुरुवात करते. कानाच्या छिद्रापुढे दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं तो हा सांधा. डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात. खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि मध्ये चिवट तंतूंची एक पातळ चकती असते. तोंड थोडं उघडेपर्यंत हे टोक जागच्या जागी फिरतं, जास्त उघडलं की पुढे घसरतं. चकती जागेवरून जराशी सरकलेली असली तर टोक पुढे जाताना ते पुन्हा तिच्याखाली येतं आणि त्या क्षणी ‘कट्’ वाजतं. हा आवाज कितीतरी लोकांना असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही.

तुमचं दुखणं मला सांध्यापेक्षा स्नायूंचं जास्त वाटतं. सकाळी जबडा शिणलेला असणं ही रात्री दात आवळले जात असल्याची नेहमीची खूण आहे. दिवसाही बहुधा तेच चालू असतं, फक्त लक्षात येत नाही. पेपरांचा गठ्ठा तपासताना, मोबाइल बघताना, स्कूटरवरून खड्डे चुकवताना वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेले आहेत का, ते एकदा स्वतःच तपासून बघा. माझ्याकडे येणारी बरीच माणसं आधी ‘मी दात आवळत नाही’ म्हणतात आणि आठवड्याने ‘दिवसभर आवळतच असतो’ म्हणून सांगतात.

आता मान. चेहरा, दात आणि जबडा यांच्या संवेदना आणणारी एक मोठी नस आहे. तिचे वेदना वाहणारे तंतू मेंदूच्या बुंध्यातून खाली मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरतात. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसांचे तंतूही तिथेच येतात आणि दोघांचे निरोप पुढे एकाच पेशींकडून मेंदूकडे जातात. दोन गावांची पत्रं एकाच पिशवीत पडली की नेमकं कुठलं पत्र कुठून आलं हे कळेनासं होतं, तसं काहीसं इथे होतं. म्हणून मान दुखते तेव्हा कानशील आणि जबडाही दुखतो, आणि जबड्याचे स्नायू आखडले की मान धरते. शिवाय हे स्नायू एकेकटे काम करत नाहीत. तोंड उघडताना डोकं किंचित मागे जातं, चावताना मानेचे स्नायू डोकं स्थिर धरतात. तासन्‌तास मान पुढे घालून वह्या तपासल्या की दोन्हीकडे ताण येतो. त्यामुळे ‘मान वेगळी, जबडा वेगळा’ असे उपचार अनेकदा अर्धवट राहतात.

कानाचा दडाही यात बसू शकतो. मधल्या कानात पडदा ताणून धरणारा एक इवलासा स्नायू असतो आणि त्याची नस चावण्याच्या स्नायूंच्याच नसेची शाखा आहे. जबडा दुखणाऱ्या लोकांमध्ये कान भरल्यासारखा वाटणं, आवाज येणं, या तक्रारी बऱ्याच दिसतात. मात्र ‘कान स्वच्छ आहे’ याचा अर्थ मळ नाही आणि पडदा ठीक आहे, एवढाच. एका बाजूचा दडा आणि चक्कर एकत्र असतील तर ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, झालीच पाहिजे. तुमची झाल्याचं पत्रात दिसत नाही. आतल्या कानाच्या मेनियर नावाच्या विकारात दडा, कमी ऐकू येणं, आवाज आणि चक्कर असे एकत्र येतात. तो जबड्याच्या नावाखाली दडून राहता कामा नये.

जबड्यामुळे चक्कर ही कल्पना नवी नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कोस्टेन यांनी कानाच्या तक्रारी, चक्कर आणि डोकेदुखी यांचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. मागच्या दाढा पडलेल्या लोकांचा जबडा जास्त मिटतो, सांध्याचं टोक मागे सरकून नसांवर आणि कानाच्या नळीवर दाब देतं, अशी त्यांची मांडणी होती. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवलं की ती रचना तशी दाब देऊच शकत नाही. मांडणी मागे पडली, पण ‘चावण्याची उंची वाढवली की चक्कर जाते’ ही समजूत मागे उरली आणि तिच्यावर आजही महागडे उपचार उभे आहेत. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्यात चांगले दात कायमचे जातात.

खरी परिस्थिती अशी आहे. जबडा दुखणाऱ्या लोकांमध्ये चक्करेची तक्रार इतरांपेक्षा जास्त आढळते. पण याच लोकांमध्ये अर्धशिशी, अपुरी झोप, काळजी आणि मानदुखीही जास्त आढळते आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने चक्कर येऊ शकते. मानेचे स्नायू आखडले की डोकं कुठे आहे याबद्दल मेंदूला मिळणारी माहिती थोडी बिघडते आणि माणसाला अस्थिर वाटू शकतं, हे पटण्यासारखं आहे. पण खोली गरकन फिरणं हे जबड्याचं लक्षण मानता येत नाही. दात झिजवून, ठेवण बदलून चक्कर बरी होते असं दाखवणारा भरवशाचा पुरावाही नाही.

तुमच्या पत्रातली जी खूण मी वर म्हणाले ती हीच : कूस बदलताना खोली फिरते. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. ते आपल्या जागेवरून सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की कूस बदलताना, वर माळ्यावर बघताना किंवा खाली वाकताना काही सेकंद जोरात गरगरतं आणि मग थांबतं. याला बीपीपीव्ही म्हणतात. चक्करेच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कारणांपैकी हे एक आहे आणि ते कानात नुसतं डोकावून दिसत नाही. त्यासाठी डिक्स-हॉलपाइक चाचणी करावी लागते : तुम्हाला बसवून, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांची बुबुळं कशी हलतात ते बघतात. चाचणी जुळली तर त्याच टेबलावर, त्याच भेटीत, डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण त्या नळीतून बाहेर काढता येतात. हे एप्लीचं तंत्र. काही मिनिटांचं काम आहे आणि पुष्कळांना एकदोनदा केल्यावर आराम पडतो. तुम्हाला हेच असेल असं मी पत्रावरून ठामपणे म्हणणार नाही, पण लाखांचा उपचार करण्याआधी ही चाचणी व्हायलाच हवी. कानाच्या डॉक्टरांना शब्दशः सांगा, ‘कूस बदलली की खोली फिरते.’ नुसतं ‘चक्कर येते’ म्हणू नका.

दिवसभर तरंगल्यासारखं वाटणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला एकाहून जास्त कारणं असू शकतात. फिरणारी चक्कर काही वेळा येऊन गेली की तोल सांभाळणारी यंत्रणा धास्तावलेली राहते, आणि गर्दीत, बाजारात, मोबाइलवर स्क्रोल करताना अस्थिर वाटत राहतं. अर्धशिशी असलेल्यांना डोकं न दुखताही चक्कर येऊ शकते. पाळीच्या आसपास त्रास वाढतो का, उजेड-आवाज नको होतो का, लहानपणी घाटात एसटी लागायची का, हे आठवून ठेवा. जोडीला हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, थायरॉइड यांच्या तपासण्या आणि झोपून व उभं राहून रक्तदाब. चाळिशीतल्या, पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय कुणी तिच्या दातांवर चक्कर ढकलू नये.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ती प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन या जातीची असेल तर चार महिने फार झाले. या गोळ्या तीव्र चक्करेत थोडे दिवस उपयोगी असतात. जास्त काळ घेतल्या की मेंदूला स्वतःहून जुळवून घेणं जमत नाही आणि हात थरथरणं, हालचाली जड होणं असे परिणामही होऊ शकतात. मनाने बंद करू नका, पण ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न लिहून देणाऱ्यांना या आठवड्यातच विचारा. चक्कर येत असताना माळ्यावर चढणं आणि स्कूटर चालवणं टाळा.

‘मणक्यात गॅप’ने घाबरू नका. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये असे बदल काहीही त्रास नसलेल्या लोकांतही सर्रास दिसतात. हाताला मुंग्या, बोटांत बधिरपणा, पकड सुटणं, चालताना पाय अडखळणं यातलं काही असेल तर गोष्ट वेगळी, मग नीट तपासणी हवी. नसेल तर पट्टा महिनोन्‌महिने वापरल्याने मानेचे स्नायू आणखी कमजोर होतात. तो हळूहळू सोडण्याबद्दल फिजिओथेरपिस्टशी बोला.

आता जबड्यासाठी घरी काय करायचं ते. यातला सगळ्यात मोठा उपाय बिनखर्ची आहे : ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे जिथे टेकतं तिथे ते राहू द्या. निरोगी माणसाचे दात गिळताना आणि चावतानाच एकमेकांना लागतात, एरवी त्यांच्यात थोडी फट असते. सवय मोडायला आठवण लागते. पेपर तपासताना लाल पेनला रंगीत दोरा बांधा, तास संपल्याची घंटा झाली की जबडा बघा, घरी फ्रिजच्या दारावर एक ठिपका चिकटवा. ठिपका दिसला की दात सोडायचे आणि खांदे खाली घ्यायचे. पहिले काही दिवस वैताग येईल. नेटाने करा, कारण बाकी सगळे उपाय यावरच उभे राहतात.

दुखऱ्या काळात, म्हणजे काही आठवडे, चिक्की, ऊस, कणीस, डिंकाचे कडक लाडू, अख्खा पेरू आणि च्युइंगगम बंद. सुपारी तर कायमचीच बंद. भाकरी सोडायची गरज नाही, ती आमटीत किंवा दुधात कुस्करून खा. मुगाची खिचडी, मऊ भात, घावन, शिजवलेल्या भाज्या, असं चालवा आणि दोन्ही बाजूंनी चावा. वडापावसाठी मोठा आ वासू नका, तुकडे करून खा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. पालथं झोपणं टाळा.

ओला गरम टॉवेल गालावर आणि मानेच्या मागे पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. शेक घेतल्यावर जीभ टाळूला टेकवून, ती सुटणार नाही एवढंच तोंड हळू उघडायचं आणि मिटायचं, पाच-सहा वेळा. मग ताठ बसून हनुवटी सरळ मागे न्यायची, जणू दुहेरी हनुवटी करतोय अशी, काही सेकंद धरून सोडायची. दिवसातून चार-पाच वेळा पुरे. हिसका द्यायचा नाही, आवाज मुद्दाम काढून बघायचा नाही, कुणाकडून ‘सांधा बसवून’ घ्यायचा नाही आणि न्हाव्याकडून मान मोडून घेणं तर अजिबात नको. जमलं तर जबडा आणि मान दोन्ही जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे काही बैठका घ्या. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात सर्वांत वर व्यायाम, हाताने केलेले उपचार, बसण्या-उभं राहण्याची ढब सुधारणं आणि वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत आहे. दातांची ठेवण कायमची बदलून टाकणारे स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायच्या पट्ट्या, आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना तिथे ठाम नकार आहे.

रात्रीचा साधा स्प्लिंट, म्हणजे सगळे दात झाकणारी, सपाट, कडक अ‍ॅक्रिलिकची पट्टी, काहींना बरा पडतो आणि दात झिजण्यापासून वाचवतो. तो सगळ्यांना गुण देईलच असं नाही. पण तो उद्या काढून ठेवता येतो, आणि माझ्या दृष्टीने हीच त्याची जमेची बाजू. झिजवलेलं दाताचं कवच परत येत नाही. कॅप घातलेल्या दाताला पुढे रूट कॅनाल लागू शकतं, कॅपही कधीतरी बदलावी लागते, आणि दुखणं दातांत नव्हतंच तर ते तसंच राहतं. त्या दंतवैद्यांना भेटलात तर एवढंच विचारा : यातलं काय परत फिरवता येईल आणि आधी व्यायाम करून का बघू नये?

‘टेन्शन घेतेस’ हे घरच्यांचं वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतंय. काळजीने दात आवळले जातात, झोप बिघडते आणि वेदना मोठी होते, हे शरीरात खरोखर घडतं. त्याने तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. झोप लागत नसेल, मन सतत बसल्यासारखं असेल तर त्यावर वेगळा उपचार मागायला संकोच करू नका. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात आवळणं वाढू शकतं, तेव्हा तशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडं लिहिते. चक्करेसोबत चेहरा वाकडा होणं, बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, हातपाय लुळा पडणं किंवा चालताच न येणं असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कानाचे डॉक्टर. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, तर हृदय तपासा. पन्नाशीनंतर कानशिलं नव्याने दुखू लागली, चावताना जबडा भरून येऊ लागला आणि नजर अंधुक झाली तर रक्तवाहिनीची सूज असू शकते. त्यात उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. आणि आपल्याकडे विशेष महत्त्वाचं : सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट झोंबू लागलं, तर ते सांध्याचं दुखणं म्हणून शेकत बसू नका. तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याचा तो विकार आहे आणि पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण आम्हाला आजही दिसतात. आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का, ही घरच्या घरी करायची सोपी तपासणी आहे.

दुसरं मत घ्यायचं असेल तर दंत महाविद्यालयातल्या ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आणि जबड्याच्या विकारांच्या, विभागात जा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत तो आहे, तुम्हाला जवळ पडणाऱ्या कराड, सांगली, पुण्याच्या महाविद्यालयांतही आहे. जाताना एक्स-रे, गोळ्यांची पाकिटं आणि चक्कर कधी, काय करताना, किती वेळ आली याची नोंद सोबत ठेवा. व्यायाम नेटाने सहा-आठ आठवडे करूनही जबडा तसाच दुखत राहिला, किंवा तोंड अडकू लागलं, तर एमआरआयचा विचार होईल. आज त्याची गरज नाही.

मुलीबद्दल. आवाज येतो पण दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, कधी अडकत नाही, असं असेल तर तिला काहीही उपचार नको. या वयात असे आवाज खूप मुलामुलींना येतात आणि बऱ्याचदा आपोआप कमी होतात. च्युइंगगम आणि नखं कुरतडणं सोडायला सांगा. दुखू लागलं, किंवा घास घ्यायला तोंड उघडेनासं झालं, तर दाखवा. आणि आवाज आला की दर वेळी तिच्याकडे बघू नका. मोठी माणसं काळजीने बघायला लागली की मुलं तो आवाज मुद्दाम पुन्हा पुन्हा काढून बघतात, आणि मग खरंच दुखायला लागतं.